हिरवळरावांची साक्ष

मैदानाच्या माळ्याला सगळे हिरवळराव म्हणत. स्वतःच्या टकलाची त्यांना फिकीर नव्हती, पण गवताचं एक पातं वाकलं की घास घशाखाली उतरत नसे. बायको म्हणायची, "पुढच्या जन्मी गवत होऊन येते, म्हणजे तरी माझ्याकडे बघाल!"

अशा माणसाच्या नशिबी कनिष्ठ गटाची आंतरराष्ट्रीय हातोडाफेक आली. देशोदेशींची दांडगी पोरं गरगर फिरून सहा किलोचा गोळा तारेसकट भिरकावत आणि हिरवळीला खड्डे पाडत. एखादा गोळा संरक्षक जाळीत अडकला की प्रेक्षक हळहळत. टाळ्या वाजवत ते एकटे हिरवळराव.

तिसऱ्या फेरीत एका पोराचा हातोडा पडला आणि खूण रोवायला धावलेले पंच घसरून आडवे झाले. उठून बघतात तो एकापुढे एक दोन खड्डे! नवा कुठला? अलीकडचा असेल तर पोरगं बाद. पलीकडचा असेल तर ते पहिल्या आठांत, म्हणजे त्याला आणखी तीन फेकी आणि हिरवळीला आणखी तीन खड्डे.

"माळीबुवा, तुम्हीच सांगा."

हिरवळरावांचं बोट अलीकडे वळलंही होतं. पण तो खड्डा सकाळच्या सरावातला, कडेचं गवत कोमेजलेलं. त्याला ताजा म्हणायचं? तीस वर्षांच्या अब्रूचा प्रश्न होता!

"पलीकडचा," ते कडू तोंडाने म्हणाले. "तुटलेली पाती अजून ओली आहेत."

पोराने धावत येऊन मिठीच मारली. "काका, आता याहून लांब टाकतो!"

"टाक बाबा," हिरवळराव मातीची बादली उचलत म्हणाले, "तिकडचंच गवत तेवढं राहिलंय."