आमच्या गल्लीतला नंबर

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कोणी उघडलीच तर तेवढं माफ करावं.

नांदुऱ्यात आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त चालणारा शब्द म्हणजे नंबर. नळावर पाण्याची गुंडी ठेवली की नंबर लागला. चहा चांगला झाला की एक नंबर. लपवून आणलेला माल दोन नंबरचा. पोरीनं पोराला नंबर दिला म्हणजे घरात भांडण ठरलेलं. कोणी म्हातारं गेलं की आमचे सासरे म्हणत, "लागला बुढ्याचा नंबर, आता माहा." मी फारशी बोलत नाही, पण ऐकत असते.

बायांचा खरा नंबर भिशीचा. आम्ही आठजणी, महिन्याला हजार-हजार. जिची चिठ्ठी निघेल तिला आठ हजार. भिशी शेजारच्या भाभी चालवतात, म्हणून पहिला नंबर त्यांचा. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी कोणाच्या अध्यात ना मध्यात.

दुसऱ्या महिन्यात मला पिको-फॉलची जुनी मशीन मिळत होती. विकणारी बाई भिशीच्या दिवसापर्यंतच थांबणार होती. गरज सांगितली की बाया आपणहून नंबर देतात. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मी माझ्या नावाच्या दोन चिठ्ठ्या केल्या आणि भाजीवाल्या मावशीची लिहिलीच नाही. तिला वाचता येत नाही. नाव माझंच निघालं.

मशीन घरी आली. उरलेल्या चिठ्ठ्या भाभींच्या डब्यात राहिल्या, त्यात माझी दुसरी. ती पुढच्या महिन्यात निघाली तर, ही भीती होतीच. पण रोज सकाळी मावशी डोक्यावर टोपली घेऊन दारावरून जायची, ते जास्त जड जायचं. तिला भिशीच्या पैशांतून हातगाडी घ्यायची होती.

पुढच्या भिशीच्या आदल्या दिवशी मी तिला सांगून टाकलं.

"मले वाचता येत नाही म्हणून माहीच चिठ्ठी गाळली?"

"हो."

"मंग उद्या सगळ्याईसमोर सांग. मी नाही सांगणार."

सांगितलं. भाभींनी डब्यातून माझी दुसरी चिठ्ठी शोधून काढली. मग म्हणाल्या, "हम समझे गाय है. ये तो दो नंबरी निकली."

दोघी-तिघी हसल्या. एक म्हणाली, "हा नंबर मावशीलेच देऊन टाका."

"मले फुकटचा नको," मावशी म्हणाली. "चिठ्ठी टाका. पण माह्या चिठ्ठीवर मिरची काढ बाई, मले दिसली पाहिजे."

तेव्हापासून डबा हलवण्याआधी मावशी स्वतः मिरची पाहून घ्यायची. पण मिरची निघेना. दर महिन्याला दुसरीच कोणी निघायची आणि मावशी टोपली उचलून घरी जायची.

आठव्या महिन्यात डब्यात एकच चिठ्ठी उरली. काढायचं काही नव्हतं, तरी मावशीनं ती उघडली, मिरची पाहिली आणि कमरेला खोचली. माझा शेवटचा हजार मी भाभींकडे न देता तिच्या हातात ठेवला.

तिनं नोटा दोनदा मोजल्या.

"फिटले तुहे," ती म्हणाली.