एस्टोनिया, उदगीर आणि आमच्या वाडीच्या सतरा मागण्या

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बापाला सोबत नेऊ नकोस, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. पण अप्पांना परतीच्या वाटेवर उदगीरला वाडीचं निवेदन द्यायचं होतं, आणि पोरीला एकटीला नांदेडला पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. पोर चौतीस वर्षांची आहे आणि उदगीरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते, हे त्यांना कोण सांगणार! तर मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी आम्ही शिरूर अनंतपाळच्या एसटी स्टँडवर उभे. माझ्या पिशवीत प्रबंध, अप्पांच्या पिशवीत निवेदन आणि दोघांच्या मधे पाच लिटरचा पाण्याचा कॅन.

दुष्काळात इकडे येणार असाल तर पहिली सूचना हीच: पाणी घरून आणा. यंदा पाहुण्याला चहा खुशाल मिळतो, पाणी मागितलं की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्याची बातमी झाली. आमच्या वाडीला काहीच आलं नाही, त्याची कसली बातमी होणार? आमची वाडी सतरा उंबऱ्यांची, शेजारच्या मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीला जोडलेली. टँकर गावाच्या विहिरीत रिकामा होतो. गावाचं भरून झालं की आमच्या बायका दोन किलोमीटर चालत जाऊन तळाचा गाळ उपसतात.

तेवढ्यात उदगीर जिल्हा होणार अशी हवा उठली. जिल्ह्याची मागणी करणारी समिती गावोगावची निवेदनं गोळा करत होती. सोमवारी ती सगळी कलेक्टर साहेबांपुढे जाणार होती. अप्पा घरोघर फिरले. आमच्याकडे रीतच आहे, निवेदनात प्रत्येक घराचं एक कलम हवं, नाहीतर रुसवा. सतरा घरं, सतरा मागण्या. टाईप मीच केल्या, क्रमांक घालून, एकदम व्यवस्थित. पाणी नवव्या नंबरावर होतं, कारण ते नवव्या घरानं सांगितलं.

उदगीरला मुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली आणि मुखेडमार्गे नांदेडची गाडी धरली. रस्ता चांगला होता, पण खिडकीबाहेर बघवत नव्हतं. ओढे, नाले, तळी सगळं पांढरं पडलेलं. अप्पा दर पुलावर वाकून खाली बघायचे आणि पुन्हा सरळ बसायचे. नांदेडला स्टेशनजवळ साध्या लॉजवर उतरलो. खोली घेण्याआधी नळ सोडून बघा, ही दुसरी सूचना. संध्याकाळी गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवलो. ताटं धुवायला वाहणारं पाणी अप्पा कितीतरी वेळ बघत राहिले. बाहेर अर्धापूरची केळी मिळाली, एरवीच्या निम्म्या आकाराची.

शुक्रवारी विद्यापीठात परीक्षा. माझा विषय: युरोपीय संघात एस्टोनियाच्या परराष्ट्र धोरणाचे प्राधान्यक्रम. हा देश लातूर जिल्ह्यापेक्षाही कमी माणसांचा, पूर्वेला रशिया शेजारी आणि संघात त्याच्याहून कितीतरी मोठे भाऊबंद. मी त्याचे अकरा प्राधान्यक्रम मांडले. हैदराबादहून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढला.

"अकरा? एवढ्या लहान देशाकडे अकरा गोष्टी लावून धरायला माणसं तरी आहेत का?"

मी प्रबंधाची पानं उलटू लागले.

"ज्याचे अकरा प्राधान्यक्रम, त्याचा एकही नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्या घरात धाकट्यानं रोज तोंड उघडलं तर कोण ऐकतं? तो कुठे गप्प बसतो ते सांगा."

मग कसंबसं सुचलं. शेजाऱ्यापासून सुरक्षितता आणि संगणकावरचा कारभार, ह्या दोन गोष्टींवर तो अडून बसतो. बाकी बऱ्याच ठिकाणी मान डोलावतो आणि शब्द राखून ठेवतो. बाई हसल्या. शेवटचं प्रकरण पुन्हा लिहा म्हणाल्या आणि पास केलं. मागच्या बाकावर अप्पा होते. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

शनिवारी परतीच्या गाडीत मुखेड आलं. अप्पा एकदम म्हणाले, "तुझ्या त्या देशानं बाकीचं सोडून दिलं, तर घरची माणसं रुसली न्हाईत व्हय?"

चार वर्षं अभ्यास केला, पण हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. तसं सांगितलं.

"मग काय करत व्हतीस गं चार वर्सं?"

उदगीर स्टँडवर त्यांनी निवेदन मांडीवर घेतलं आणि माझं पेन मागितलं. पहिलं कलम आमच्याच घराचं होतं: वाडीपर्यंत एसटी. माझ्यासाठीच मागितलं होतं त्यांनी, कॉलेजातून येताना फाट्यावरून अंधारात चालावं लागतं म्हणून. ते आधी खोडलं. नंतर एकेक करत आणखी पंधरा खोडली, पाणी तेवढं ठेवलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती, कारण प्रत्येक ओळीमागचं घर मला माहीत होतं. मी कोऱ्या कागदावर एकच ओळ लिहिली: वाडीचा टँकर वाडीतच रिकामा करावा.

समितीच्या टेबलावर एक निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांनी कागद उलटून पाहिला.

"एकच मागणी? पाठीमागं काय न्हाई?"

"न्हाई," अप्पा म्हणाले.

"बरं झालं. एकच हाय तर वाचून तरी दाखवता येईल."

वाडीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वाडीतली गंगाबाई आमच्या दारातच उभी. तिचा नवरा दोन वर्षांमागे गल्लीतल्या अंधारात साप चावून गेला. तिचं कलम होतं, खांबावर एक दिवा.

"अप्पा, माझा दिवा कितव्या नंबरावर दिला?"

मला वाटलं, अप्पा काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. तेवढं खोटं चाललं असतं.

"न्हाई दिला, बाई. खोडला. पाणी तेवढं मागितलं."

तिनं अप्पांच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला इचारलं असतं तर मीच म्हनले असते, दिवा ऱ्हाऊ द्या, पाणी मागा. इचारलं का न्हाई?"

ह्याला आज आठ दिवस झाले. टँकर अजून आलेला नाही आणि येईल की नाही, सांगता येत नाही. जिल्ह्याचंही तसंच. शेवटचं प्रकरण मी अजून उघडलेलं नाही. नांदेडच्या प्रवासातून पदवी मिळाली म्हणायची, पण मनात घर करून बसला आहे तो गंगाबाईचा प्रश्न. दोन प्राधान्यक्रम निवडायला मी शिकले, आणि निवडण्याआधी कुणाच्या दारात जायचं, हे बापलेकीला दोघांनाही सुचलं नाही. त्या संध्याकाळी अप्पा घरात आलेच नाहीत. पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्या दाराची कडी वाजवायला निघून गेले.