अठरावा प्रश्न

देवाने ही दुनिया पडण्यासाठी, चिरडण्यासाठी आणि शॉर्टसर्किट होण्यासाठीच निर्माण केली आहे, असं माझ्या थोरल्या साडूंचं ठाम मत आहे, आणि ते बदलेल असं काहीही त्यांनी अजून स्वतःच्या डोळ्यांसमोर घडू दिलेलं नाही. लग्नाच्या मांडवात पाहुणे नवरी बघतात, हे मांडवाचे खांब हलवून बघतात. आमच्या मेव्हण्याच्या मुलाचं बारसं होतं, बायका पाळणा म्हणायला उभ्या राहिल्या आणि साडूंनी पाळण्याच्या कडीला दोन्ही हातांनी लोंबकळून आपलं सगळं वजन टाकलं. कडी टिकली. "आता ठेवा लेकराला," ते म्हणाले, पण तोवर बाळाची आई रडायला लागली होती. आम्ही पिंपळे सौदागरला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला आलेला प्रत्येक जण गॅलरीत जाऊन "वा, काय हवा आहे!" म्हणत होता. साडूंनी कठडा गदागदा हलवला, वाकून खाली बघितलं आणि प्रसादाचा शिरा खाता खाता मला म्हणाले, "इथून गेला की माणूस सरळ पार्किंगमध्येच जायलाय बघा." त्या गॅलरीत मी आजही निवांत चहा पिऊ शकत नाही.

साडू मूळचे लातूरकडचे, राहायला आकुर्डीत. चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढणारे मोठे प्रेस आहेत, तिथे ते पहिल्या शिफ्टचे सुपरवायझर. शिफ्ट सुरू होण्याआधी प्रत्येक प्रेस तपासून फॉर्म भरायचा असतो. जाळी जागेवर आहे का, सेन्सर चालतो का, दोन्ही हातांची बटणं ठीक आहेत का, असे सतरा प्रश्न. हा फॉर्म प्रत्यक्षात कसा भरतात ते तिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. चहा पिता पिता वरून खालपर्यंत सतरा टिका एका दमात मारतात; काही कर्तबगार मंडळी सोमवारीच शनिवारपर्यंतच्या मारून ठेवतात. साडू मात्र वस्तूला हात लावल्याशिवाय टीक मारत नाहीत. घरीही तेच. किराणा आणला की एकेक पुडा हातात घेऊन यादीवर टीक. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, म्हणायच्या, "बरं झालं सप्तपदीला सातच पावलं असतात. ह्यांनी पावलागणिक फरशी ठोकून बघितली असती."

त्या सतरा प्रश्नांखाली साडूंनी स्वतःच्या अक्षरात अठरावा लिहिला होता: 'घरी सगळं ठीक?' त्याला कारण होतं. एकदा एक ऑपरेटर वडिलांना अग्नी देऊन चौथ्या दिवशी कामावर आला. रजा संपली होती. साडूंनी सतराच्या सतरा गोष्टी हात लावून तपासल्या, सगळ्या ठीक निघाल्या, आणि दहाच्या सुमाराला त्या माणसाने जाळीच्या बाजूने हात आत घातला. दोन बोटं गेली. चौकशीत फॉर्म बिनचूक निघाला, साडूंना कुणी बोल लावला नाही. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं, कंपनीच्या बसची वाट बघताना, माझ्याकडे न बघता. "सगळ्याला हात लावला होता राव. माणसाला तेवढा लावायचा राहिला." तेव्हापासून रोज सकाळी प्रत्येक प्रेसपुढे उभं राहून ते अठरावा प्रश्न विचारायचे. ऑडिटवाले हसायचे, ऑपरेटर "ठीक आहे साहेब" म्हणायचे, आणि साडू लिहून घ्यायचे.

मग कारखान्याने कागद बंद केला. मोबाइलवर फॉर्म बनवायचं अ‍ॅप घेतलं आणि जुने फॉर्म त्यात चढवायचं काम साडूंच्या गळ्यात पडलं. एकेक प्रश्न माउसने ओढून जागेवर बसवता बसवता दोन आठवड्यांत त्यांचा एक फॉर्म झाला, तोही खालून वर. मी हिंजवडीतला सॉफ्टवेअरवाला. ताईंनी फर्मान काढलं, "रविवारी मटण आहे, ह्यांचा लॅपटॉप बघायला या." माझा बेत सोपा होता. त्यांच्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर चार आज्ञा टाइप करायच्या, एक एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः करून टाकणारा प्रोग्राम, त्या अ‍ॅपला जोडून द्यायचा. मग साडूंनी मराठीत सांगायचं आणि त्याने फॉर्म बनवायचा. अर्ध्या तासाचं काम. साडूंनी त्याला चार तास लावले. पडद्यावर उमटणारी प्रत्येक ओळ ते मोठ्याने वाचत आणि वाचून होईपर्यंत मला एंटर दाबू देत नसत. अ‍ॅपची किल्ली, म्हणजे अक्षरं-आकड्यांचा तो लांबलचक गुप्त शब्द, एजंटच्या स्वाधीन करायची वेळ आली तेव्हा तर त्यांनी माझं मनगटच धरलं. त्यांच्याकडे प्रेस दुरुस्त करणारा आधी वीज बंद करतो, तिथे स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली जवळ ठेवतो. "ज्याचा हात मशीनमध्ये, किल्ली त्याच्या खिशात," ते म्हणाले. "ह्याला हात कुठंय?" शेवटी किल्ली दिली, पण एजंटला ते अखेरपर्यंत 'अहो' म्हणत राहिले. अनोळखी माणसाशी आणि चालू मशीनशी सलगी करू नये, असं त्यांचं म्हणणं.

जुन्या फॉर्मांचे फोटो दिल्यावर सतरा प्रश्न झरझर तयार झाले. एवढ्यात पिण्याच्या पाण्याचा जार आला आणि साडू त्याचं झाकण तपासायला दारात गेले. पडद्यावर ओळ उमटली: अठराव्या प्रश्नाचा यंत्राशी संबंध नाही; दिलेल्या सर्व फॉर्मांत त्याचं उत्तर 'ठीक' हेच आहे; काढून टाकू का? मला सगळं ठाऊक होतं, हे मुद्दाम सांगतो. ती दोन बोटं, ते बसस्टॉपवरचं बोलणं, सगळं. पण तीन वाजत आले होते, रश्श्याचा वास सुटला होता, आणि खरं सांगायचं तर एजंटचं म्हणणं मला पटलं. ज्या प्रश्नाचं उत्तर कायम एकच, तो विचारायचा कशाला? मी 'हो' दाबलं आणि जेवायला बसलो.

सोमवारी सकाळी सातला फोन. "राव, अठरावा दिसेना. तुमच्याकडनं राहिला का त्याच्याकडनं?"

"त्याच्याकडनं," मी म्हणालो. "ही यंत्रं असंच करतात."

पलीकडे प्रेसचा धप्प धप्प आवाज येत होता. "बरं," ते म्हणाले. मला वाटलं होतं, दुरुस्तीला पुन्हा बोलावतील. बोलावलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः, एका बोटाने, काळ्या पडद्यावर लिहिलं: 'अहो, अठरावा प्रश्न परत घाला. कुणी नाही म्हटलं तर मशीन थांबवू नका, वरच्या साहेबांना कळवू नका. फक्त सुपरवायझरच्या फोनवर निरोप पाठवा.' ताईंनी मला हे कौतुकाने सांगितलं. आणि आश्चर्य असं की तोंडावर जन्मात 'नाही' न म्हणणारी माणसं मोबाइलवर म्हणू लागली. कुणाच्या मुलीला ताप, कुणाची बायको माहेरी गेलेली. निरोप आला की साडू जात, त्या माणसाला बाजूला बसवून चहा पाजत आणि तासभर त्याच्या जागी स्वतः प्रेसवर उभे राहत. प्रेसवर जो उभा राहील त्याने फॉर्म भरायचा, म्हणून तोही भरत.

मागच्या हिवाळ्यात ताई गेल्या. पोटाचं दुखणं, कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. हॉस्पिटलात साडू सलाइनची नळी, खाटेचा कठडा, ऑक्सिजनचं बटण हात लावून लावून बघत बसायचे. नर्स वैतागायच्या. सगळं ठीक निघायचं.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी ते कामावर गेले. एक ऑपरेटर आला नव्हता, त्याच्या प्रेसवर स्वतः उभे राहिले. फॉर्म भरला. खोटी टीक मारायची सवय नसल्यामुळे अठराव्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. आणि त्यांच्याच खिशातला फोन वाजला. 'प्रेस क्रमांक चार. ऑपरेटरच्या घरी ठीक नाही. कृपया विचारपूस करावी.'

पुढच्या रविवारी आकुर्डीला त्यांनी मला तो निरोप दाखवला. पुसला नव्हता. "वाचला," ते म्हणाले, "आन् उगं इकडंतिकडं बघितलं, कोण यायलंय का म्हणून."

मला राहवलं नाही. "साडूभाऊ, तो प्रश्न मीच काढला होता. एजंटने नाही."

"ठाव हाय मला. तो सगळं लिहून ठेवतोय की. विचारलं कधी, 'हो' कधी दाबलं. मी त्याच दिवशी वाचलंय."

वर्षभर त्यांनी ते मनात ठेवलं होतं, आणि वर्षभर मी त्या घरी पोटभर जेवत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी लॅपटॉप ओढला आणि एजंटला सांगितलं, की साडूंचा 'नाही' आला तर निरोप माझ्या फोनवर यावा. साडूंनी ओळ मोठ्याने वाचली, माझा नंबर एकेक आकडा करून दोनदा तपासला आणि एंटर त्यांनी स्वतः दाबलं.

आता ते प्रेसवर उभे असोत नसोत, रोज फॉर्म भरतात. निरोप आला की मी सातला फोन करतो. "काय झालं?" "काय न्हाई राव, तिचा चष्मा सापडला." किंवा, "भाजीत मीठच विसरलो." ह्यावर काय बोलायचं असतं ते मला अजून समजलेलं नाही. मागच्या आठवड्यात एकदाही निरोप आला नाही. हे चांगलंच की, असं बायको म्हणाली. मी तरी शुक्रवारी सातला फोन लावला.

"आज ठीक लिहिलंय की," ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हणालो. पलीकडे प्रेसचा धप्प धप्प आवाज येत राहिला, आणि फोन त्यांनी ठेवला नाही.