ह्युएमधला फणस आणि माझा संशयी स्वभाव

खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी तपासणी विभागात काढली. समोर आलेला माल खराबच असणार असं धरून चालायचं आणि चांगला निघालाच तर नाइलाजाने शिक्का मारायचा, हे माझं काम. निवृत्त झालो तरी सवय काही सुटली नाही. त्यामुळे मुलीने आम्हा दोघांसाठी व्हिएतनामची तिकिटं काढली तेव्हा मी आधी विचारलं, "एवढं स्वस्त कसं काय?"

माझ्या बायकोने, मंजिरीने, प्रश्न विचारला नाही. तिने अट घातली. "अहो, आठ दिवस मी स्वयंपाक करणार नाही. कबूल असेल तर येते."

मी कबूल म्हणालो. आणि ती शेजारी किल्ली द्यायला गेल्याबरोबर विजेचा छोटा कुकर, तांदूळ, मुगाची डाळ आणि मेतकूट बॅगेच्या तळाशी सरकवलं. आम्ही पक्के शाकाहारी. परक्या मुलखात पोटाची जोखीम कोण घेणार?

विश्रांतवाडीहून टॅक्सीने मुंबई, तिथून मध्ये एक विमान बदलून दा नांग. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो, पण कागदावर छापून न्या; मी तीन प्रती नेल्या होत्या. दा नांगचा किनारा सुंदर आहे, हे मान्य. पण तिथे माशाचं आंबवलेलं पाणी जेवणात असं पडतं, जसं आपल्याकडे फोडणीत हिंग. भाजीत आहे, चटणीत आहे, निरागस दिसणाऱ्या भातावरही शिंपडलेलं असेल, काय सांगावं! मी प्रत्येक हॉटेलच्या दारात उभा राहून वास घ्यायचो आणि मान हलवून पुढे निघायचो. तीन दिवस मंजिरीने हॉटेलच्या खोलीत, आरशासमोरच्या टेबलावर, खिचडी शिजवली. तिसऱ्या दिवशी ती बोलायचीच थांबली. ही बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

चौथ्या दिवशी आम्ही रेल्वेने ह्युएला, तिथल्या जुन्या राजधानीला, निघालो. अडीच-तीन तास लागतात. उजवीकडची खिडकी मागून घ्या, सगळा समुद्र त्या बाजूला आहे. घाट लागला तेव्हा समुद्राकडे बघतच ती म्हणाली, "मी इथे फिरायला आलेय की खानावळ चालवायला? आज मी बाहेर जेवणार. तुम्ही आलात तर आलात, नाहीतर बसा मेतकूट खात."

मी निमूट गेलो. राजवाड्यामागच्या गल्लीत एका छोट्या खानावळीवर 'चाय' अशी पाटी होती. तिथे याचा अर्थ शाकाहारी. दारात टेबल मांडून त्यावर फळं, फुलं, उदबत्त्या. त्या दिवशी पौर्णिमा होती, आणि पौर्णिमेला ह्युएमधले पुष्कळ लोक मांसमच्छी खात नाहीत म्हणे. एरवी मासळीत बुडालेलं गाव आज एकदम सोवळं? मला काही पटेना. मालकीणबाई पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. मी फोनवरच्या दुभाष्याला विचारायला लावलं, "यात मासळीचं पाणी नाही ना?"

बाई हसल्या. फोन मराठीत म्हणाला, "आज पौर्णिमा. आज कोण खोटं बोलेल?"

यातला 'आज' मी मनात अधोरेखित केला.

ताटली आली. तपकिरी, तंतू तंतू सुटलेलं काहीतरी, वर तीळ, बाजूला तांदळाचा भलामोठा पापड. "चिकन!" मी ओरडलोच. "मंजिरी, हात लावू नकोस!" शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. बाईंचा चेहरा पडला. मी उठलो आणि कोणी न बोलावता सरळ स्वयंपाकघरात शिरलो.

बाई मागोमाग आल्या. त्यांनी फळीवरचं फडकं उचललं. खाली अर्धा चिरलेला कोवळा फणस होता. कडेला पांढरा चीक, सुरीला तेल. राजापूरला माझ्या सासूबाई अशीच विळीला तेल लावून फणसाची कुयरी चिरायच्या. चिकाला खोटं बोलता येत नाही. तरी मी सगळ्या बाटल्या बघितल्या. बाईंनी एकेकीचं बूच काढून मला वास दिला. सोयाबीन, तीळ, मिरची. शेवटच्या बाटलीला मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडले.

बाहेर आलो तर मंजिरीची ताटली अर्धी झालेली. पापडाच्या तुकड्याने ती भाजी उचलत होती आणि डोळे भरले होते.

"तिखट आहे?"

"नाही हो. आईची भाजी आठवली. बसा, गरम आहे तोवर खा."

मी खाल्लं. कुयरीची भाजीच ती, फक्त नारळाच्या जागी तीळ आणि पुदिन्यासारखा पाला. बाईंनी न मागता गरम भात आणि दुसरा पापड आणून ठेवला. साधारण चाळीस हजार डाँग ताटली, म्हणजे आपले एकशेचाळीसच्या आसपास. मग ह्युए सोडेपर्यंत दोन्ही वेळा तिथेच. जाणार असाल तर पौर्णिमेला बाराच्या आत गाठा, नंतर बसायला जागा मिळत नाही. अंडं नको हे आधी सांगा. आणि स्वयंपाकघरात शिरू नका.

परत आल्यावर मुलगी भेटायला आली. "आई, सगळ्यात जास्त काय आवडलं?"

समुद्र म्हणेल किंवा राजवाडा, असं मला वाटलं होतं.

"मी आणि बाबा एकाच वेळी गरम जेवलो," मंजिरी म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

पस्तीस वर्षं झाली लग्नाला. रोज तव्यावरची पोळी माझ्या पानात येते, आणि माझं आटोपल्यावर ही उरलंसुरलं घेऊन बसते. जगाच्या मालात खोट काढत बसलो आणि हे कधी दिसलं नाही. लाज वाटली, खरंच.

आता आमच्याकडे पोळ्या आधी सगळ्या होतात, डब्यात जातात, मग दोघं बसतो. दुसरी पोळी जरा निवलेली असते. माझ्या ते लक्षात येतं. मी बोलत नाही.