ओटी कोणाची भरायची?

"मर गई रे! मेरी भैंस मर गई!"

घाटकोपर सोडून विक्रोळीकडे निघालं की आग्रा रोडला तेव्हा तबेले होते. तिथे भर सकाळी एक भय्या छाती पिटून ओरडत होता. जमलेले लोक हळहळत होते. म्हैस मेली वगैरे अजिबात नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून रवंथ करत होती आणि माझ्याकडे असं बघत होती, की जणू तबेल्यातून मीच सुटून आलोय...

आणि मी? मी गटारात. माझ्या उजव्या पायावर माझा दोस्त बाळ्या सावंत याची फटफटी, आणि तिचं पुढचं चाक अजून गरगर फिरतंय.

"अहो, म्हशीला काही झालं नाही! मला बघा, मला!" मी ओरडलो.

"चुप बैठो!" भय्या उलटा माझ्यावरच खेकसला. "तुम्हारा क्या? तुम दूध देते हो?"



तर अशी सुरुवात. तुमच्या या सदरात लोक पांढऱ्या साड्या, उलटी पावलं, बंद खोलीतल्या हाका असलं काय काय लिहितात. मी ते चहाबरोबर वाचतो आणि हसतो. भुताखेतावर माझा विश्वास कधीच नव्हता. अमावास्येला तिठ्यावर ठेवलेलं लिंबू उचलून, घरी आणून, त्याचं सरबत करून प्यायलेला माणूस आहे मी. खोटं वाटत असेल तर बाळ्याला विचारा, अर्धा पेला त्याने प्यायला होता. मी गोष्टी वाढवून सांगतो असा माझ्यावर आरोप आहे, आणि तो माझ्या सख्ख्या बायकोनेच केलेला आहे. म्हणून वाचकांची एक सोय करून ठेवतो — फटफटी आणि म्हैस यांच्याबद्दल जे लिहिलंय त्यातलं निम्मं सोडून द्या. पायाबद्दल जे लिहिणार आहे, त्यातलं अक्षरही सोडू नका.

हा पन्नासच्या दशकातला काळ. फटफटी लष्कराच्या लिलावातली, बाळ्याने हौसेने घेतलेली. आवाज असा की किक मारली की मुलुंडच्या लोकांनी खिडक्या लावून घ्याव्यात. ब्रेक होता, पण तो मनात आलं तर लागायचा. त्या दिवशी कारखान्याला उशीर झाला म्हणून मी ती मागून घेतली, आणि समोर म्हैस आली.

आमच्याकडच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि म्हणाले, "किरकोळ आहे." किरकोळ! त्यांच्या पायावर कुठे फटफटी पडली होती! घोट्याजवळ हाडाला बारीक चीर होती. त्यांनी प्लास्टर घातलं, यथावकाश काढलं, आणि तिथे खरी वाट लागली. प्लास्टरमधून जो पाय बाहेर आला तो माझा नव्हताच. लाकडाचा ओंडका. घोटा वाकेना, पाऊल वर उचलेना, खाली दबेना.

"हाड जुळलंय," डॉक्टर म्हणाले. "सांधा आखडलाय. तेल लावून चोळायला हवा, रोज, आणि नेटाने. सुटला तर सुटेल."

"आणि नाही सुटला तर?"

"तर लंगडाल थोडे. माणसं लंगडत का होईना, जगतात की."

जगतात हो. पण मी विक्रोळीच्या एका कारखान्यात पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापायच्या प्रेसवर होतो. प्रेस पायाचा. उजव्या पायाने पेडल दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं... दिवसभर. त्यात मी टेम्पररी. वडील गेलेले, घरी आई आणि मी. फोरमन फर्नांडिस साहेब स्वतः मला बघायला चाळीत आले, आईने केलेला शिरा खाल्ला, आणखी मागून घेतला, आणि जाताना म्हणाले, "पहिली तारखेला मशीनवर उभा राहिला तर जागा तुझा. नाय तर मला दुसरा मानूस लावायला लागेल. वरून आर्डर हाय." माणूस वाईट नव्हता. शिरा खाताना त्याला माझ्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

मी स्वतः पाय चोळायचा प्रयत्न केला. कळ अशी यायची की हात आपोआप थांबायचा. आईने केला, तर मी "आई गं!" म्हटलं की तीच रडायला लागायची. दोघं मिळून रडायचो, आणि पाय होता तिथेच.

आता आमची चाळ सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घाटकोपर पूर्वेला, दुमजली. आम्ही वरच्या मजल्यावर. जिना एकच, आणि त्याच्या तोंडाशी आबा शिंप्याचं मशीन. बिऱ्हाडं बहुतेक मालवण-कणकवलीकडची. गावाहून पाहुणा आला नाही असा दिवस जायचा नाही. कोणाची मावशी, कोणाचा चुलतभाऊ, कोणाच्या भावोजींचा शेजारी. दारं दिवसभर सताड उघडी. पाहुणा एका घरी उतरायचा, जेवायचा दुसऱ्याकडे, झोपायचा तिसऱ्याच्या ग्यालरीत. आणि एक पक्का रिवाज — आलेल्या माणसाला "तुम्ही कोण?" असं विचारायचं नाही. ते विचारलं म्हणजे त्याचा अपमानच! "माका वळाखलंस नाय?" म्हणून तो गावी जाऊन वर्षभर बोंबलणार. त्यामुळे आम्ही सगळे सगळ्यांना ओळखत असल्यासारखे हसायचो आणि चहा पुढे करायचो.

अशाच एका दुपारी ती आली.

मी दारासमोरच चटईवर पडलेलो, पाय ट्रंकेवर. बाई सरळ आत आली, पायाशी बसली. चापूनचोपून नेसलेलं हिरवं लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हात रापलेले. हातात नारळाची करवंटी, तिच्यात तेल. वासावरून ओळखलं — उंडीचं तेल. आमच्या गावाकडे मुरगळल्या-लचकल्याला हेच लावतात. मला वाटलं, शेजारच्या साळसकर काकूंची नणंद यायची होती ती हीच असणार.

तिने माझा घोटा दोन्ही हातांत धरला आणि असा पिळला, की मी "मेलो!" म्हणून ओरडलो. ती ओरड ठाण्याला ऐकू गेली असेल.

"रडतंस कित्याक?" ती म्हणाली.

"दुखतंय ना!"

"दुखांदे."

"अहो, पण पाय माझा आहे!"

"पाय तुझो, काम माझा. गप रव."

मी गप राहिलो. वाचकहो, मी गप राहिलो ही गोष्टच खरं तर या सदरात छापण्यासारखी आहे.

दुसऱ्या दुपारी ती परत आली. मग रोजच यायला लागली. आईने तिला बघितलं, हसली, चहा दिला, आणि आता पोराजवळ कोणीतरी आहे म्हणून निवांतपणे शेजारी पापड लाटायला गेली. साळसकर काकू डोकावल्या, त्याही हसल्या. समोरच्या राणे वहिनींनी तर एकदा तिला खोबऱ्याची वडी दिली. ती कोणाशी फार बोलायची नाही. चहा बशीत ओतून प्यायची, करवंटी उचलायची, आणि ग्यालरीतून जायची. मी कळवळलो तरी तिचा हात कधी थांबला नाही. पण कळ ओसरली की तोच हात जरा वेळ नुसता पावलावर ठेवून बसायची. त्या वेळी मला का कोण जाणे, लहानपणी तापात असल्यासारखं वाटायचं — म्हणजे आता बरं वाटणार हे ठाऊक असल्यासारखं.

मग एका दुपारी तिने तेल लावलंच नाही. दारात उभी राहून म्हणाली, "उठ. चलान दाखय."

मी भिंतीला धरून उठलो. पाऊल टेकलं. घोटा वाकला! लोण्यातून सुरी जावी तसा वाकला. भिंत सोडून मी ग्यालरीच्या टोकापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. मध्येच राणे वहिनींच्या दारात जाऊन उगाच एक पेडल मारल्यासारखा पाय आपटून दाखवला. त्या दचकल्या आणि त्यांच्या हातातून तांदळाचं सूप पडलं. परत खोलीत आलो तर ती नव्हती. म्हटलं, गेली असेल काकूंकडे.

पहिल्या तारखेला मी प्रेसवर उभा राहिलो. फर्नांडिस साहेब बराच वेळ माझ्या पायाकडेच बघत होते. मग पाठीवर थाप मारून म्हणाले, "साला, शिरा पाठव." डॉक्टरांनीही पाय फिरवून पाहिला आणि खूश झाले. "मालीश उत्तम झालीय. कोणी केली?"

"आमच्याकडची एक पाहुणी," मी म्हटलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

त्याच संध्याकाळी आईने तांदूळ काढले, नारळ काढला, नवं खणाचं कापड काढलं, आणि ताट घेऊन साळसकरांकडे गेली. पाठोपाठ मी, दोन्ही पायांवर.

"तुमच्या नणंदेची ओटी भरूची हा," आई म्हणाली. "बोलवा तिका."

"माझी नणंद?" काकू म्हणाल्या. "ती खंय इली हा? तिचा येवचा रद्द झाला. अगो, ती बाई तुझी भैण ना?"

"माझी भैण कणकवलीक असा."

"मगे ती कोणाची?"

"राण्यांची असतली."

ताट राण्यांकडे गेलं. राणे वहिनी म्हणाल्या, "अय्या, मी तर समजत होते परबांची सून बाळंतीण आहे, तिला न्हाऊमाखू घालायला आलीय. म्हटलं, जाता जाता याचाही पाय चोळतेय." ताट परबांकडे. परबांची बाळंतपणाची बाई वेगळीच निघाली — लठ्ठ आणि बडबडी. परबांनी बोट दाखवलं टोकाच्या खोलीकडे. टोकाच्या खोलीत तीन ब्रह्मचारी राहत होते. ओटीचं ताट बघून ते इतके लाजले, की विचारू नका...

पुरी चाळ फिरून झाली. सगळ्यांनी तिला पाहिलेलं. सगळ्यांना तेच हिरवं लुगडं, तेच कुंकू, तीच करवंटी आठवत होती. निम्म्या बिऱ्हाडांनी चहा पाजलेला. आणि प्रत्येकाला ती दुसऱ्याची पाहुणी वाटलेली. विचारलं कोणीच नव्हतं. विचारणार कसं?

मी जिना उतरून आबा शिंप्याकडे गेलो. आबांची नजर म्हणजे कस्टमचं नाकं. जिन्यावरून मांजर गेली तरी कोणाच्या घरची ते सांगायचे.

"हिरव्या लुगड्यातली बाई, आबा. दुपारची यायची. हातात करवंटी."

आबांनी तोंडातली टाचणी काढली. "नाही."

"अहो, रोज यायची."

"रोज मी इथेच असतो रे. परबांची दाई येते, ती माहीत आहे. कोळीण येते. दुसरी बाई या जिन्याने चढली नाही आणि उतरली नाही."

"मग काय उडत आली?"

"ते तू बघ. तुझ्याकडे म्हशी उडतात," आबा म्हणाले आणि मशीन सुरू केलं. माझ्या अपघाताची माझीच आवृत्ती, म्हैस उडत आडवी आल्याची, त्यांनी ऐकलेली होती. पण सांगतो ना, त्या दिवशी ते हसत नव्हते.

मी खूप डोकं खाजवलं. औषधाच्या गुंगीत भास झाला म्हणावं, तर अख्ख्या चाळीला कोणी गुंगीचं औषध दिलं होतं? चोरटी बाई म्हणावं, तर चाळीतला चमचा हरवला नाही. आणि कोण चोर रोज येऊन पाय चोळून जातो? चटईवर तेलाचे डाग होते, ते आईने सोड्याने घासूनही गेले नाहीत. उंडीचं तेल घाटकोपरात तेव्हा मागूनही मिळत नव्हतं. गावी गेलो तेव्हा तिथेही विचारलं. माणसं तेल ओळखायची, बाई कोणी ओळखेना.

भीती मात्र मला एक क्षणही वाटली नाही. वाटायची ती नुसती चुटपुट. त्या पायावर मी पर्मनंट झालो, लग्न केलं, पोरं खांद्यावर घेऊन फिरलो. आणि जिच्यामुळे हे सगळं झालं तिला साधं "बरं वाटलं हो" म्हणायचंही राहून गेलं. एकदा आई वाल सोलत बसली होती, तेव्हा हे तिच्यापाशी बोललो. म्हटलं, "आई, तिचे उपकार मी फेडणार कसे? ती कोण तेच माहीत नाही. सांगणार कोणाला, की पाय बरा झाला?"

आईने वाल सोलणं थांबवलं नाही.

"चलतंस मा नीट?" ती म्हणाली. "मगे कळला तिका."