धर्माचा रकाना आणि माझी स्लाइड

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाचला व्हिसाचं पोर्टल बंद होणार होतं, आणि प्राची माझ्या टेबलासमोरून हलायला तयार नव्हती.

"सर, हे मी भरलेलं नाही."

हडपसरच्या एका आयटी कंपनीत मी मोबिलिटी डेस्क सांभाळतो. म्हणजे काय, तर इंजिनिअर लोकांना ऑनसाइट, परदेशातल्या क्लायंटकडे, धाडायचं. त्यांचे व्हिसा, तिकिटं बघायची. स्वतः मी कात्रजच्या पुढे क्वचितच जातो.

प्राची निघाली होती आखातातल्या एका देशात. तिथे राज्याचा एक अधिकृत धर्म आहे, कायदाही त्यातूनच येतो. व्हिसाच्या फॉर्मवर धर्म विचारतात. तिने कागदावर 'बौद्ध' लिहून दिलं होतं. पोर्टलवर चढवताना मी ते बदलून 'हिंदू' केलं. कारण आमच्या सिस्टिममध्ये तसं होतं, आणि सिस्टिममध्ये ते शाळेच्या दाखल्यावरून आलं होतं. फॉर्म आणि कंपनीचं पत्र जुळलं नाही तर तिकडून क्वेरी येते, खुलासा मागतात. क्वेरी म्हणजे आठवडा गेला. आणि क्लायंटने सांगून ठेवलं होतं, आज अर्ज गेला नाही तर चेन्नईचा माणूस घेऊ.

"अगं, नुसता फॉर्म आहे. काय फरक पडतो?"

"हेच आमचे हेडमास्तर म्हणाले होते. बाबा दाखला दुरुस्त करायला गेले तेव्हा." प्राची भंडाऱ्याची. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घर बौद्ध. दाखला मात्र क्लार्कच्या मर्जीचा.

मी घड्याळ बघितलं. उठलो, बसलो, परत उठलो.

"सर, कालच्या तुमच्या स्लाइडवर 'इथे'खाली पहिली ओळ काय होती?"

आता सांगायलाच हवं. आदल्या दिवशी मी परदेशी जाणाऱ्यांचं ओरिएंटेशन घेतलं होतं. 'इथे' आणि 'तिथे' असे दोन रकाने. तिथे: इतर धर्मीयांनी पूजाअर्चा घरात, दार लावून, प्रचार बंद. इथे: कोणताही धर्म पाळा, बदला, सांगा, नका सांगू. टाळ्याही पडल्या होत्या. घरी बायकोला दोनदा सांगून झालं होतं.

"तिथे मी दार लावून वंदना म्हणेन," प्राची म्हणाली. "पण दार इथूनच लावून जायचं का?"

मी आमच्या मॅनेजर कुलकर्णी मॅडमकडे पळालो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"अहो दातार, धर्म तुमचा आहे का?"

"नाही."

"मग हात का लावलात?"

"क्वेरी येईल म्हणून..."

"आली तर उत्तर द्या. पगार त्याचाच आहे."

परत आलो. धर्माच्या रकान्याचा ड्रॉपडाउन उघडला. 'बौद्ध' हा पर्याय यादीत आधीपासूनच होता. ज्या देशाची मी एवढी भीती घातली होती, त्याने जागा करून ठेवली होती. 'कंपनीची नोंद चुकीची आहे' असं पत्र टाइप केलं, मॅडमची सही घेतली, जोडलं. चार छप्पन्नला सबमिट.

पुढचे दिवस मी पोर्टल रिफ्रेश करत काढले. "तुम्हीच जाताय का?" बायकोने विचारलं. चौथ्या दिवशी व्हिसा आला. क्वेरी नाही, काही नाही. प्राची गेली.

मग मी आमच्या सिस्टिममधली नोंद सुधारायला घेतली. एचआर म्हणालं, दुरुस्त केलेला दाखला आणा. शाळा म्हणाली, प्रतिज्ञापत्र आणा. प्राचीच्या बाबांनी ते दिलं, तर शाळेने वरच्या ऑफिसकडे बोट दाखवलं. पाच महिने झाले, फाइल अजून फिरते आहे.

गेल्या आठवड्यात प्राचीचा मेसेज आला: "मजेत आहे सर. इथे बाहेर काही करता येत नाही, विहारही नाही. दार लावून वंदना म्हणते. तिथे मी अजून हिंदूच आहे का?"

"हो," मी लिहिलं.

ओरिएंटेशन अजून मीच घेतो. 'तिथे'चा रकाना तसाच ठेवलाय, त्यात खोटं काही नाही. 'इथे'च्या रकान्यापाशी मात्र आता टाळ्यांसाठी थांबत नाही. आणि फॉर्म ज्याचा त्याला भरू देतो.