क्रुसावरचं कुंकू

मी मुळातच भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यामागे तर त्याचं अख्खं खटलं लागलेलं. तरी कारंज्यातल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये दुपारचा बायकांचा वर्ग सुरू करायची हौस मलाच. आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका सकाळी भाजी विकून यायच्या, बाकं सरकवून सतरंजीवर बसायच्या आणि पाटीवर अक्षरं गिरवायच्या. शेवटी थोडा वेळ सगळ्या गप्प. जिनं तिनं आपापल्या देवाशी बोलावं, एवढाच नेम.

भीती दोन्हीकडून होती. बाहेर कोणी म्हणेल, 'बायकायले बाटवून राह्यली.' आणि आत आमचे पंच, चर्चचा कारभार पाहणारे. मंडळीतले सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यात कडक. चर्चची किल्ली त्यांनीच मला दिली होती, पण देताना बजावलं होतं, "शिकव खुशाल. पण वेदीपाशी कोणाचा हात लागला तं किल्ली वापस घेईन. मंग माह्यापाशी रडाले येऊ नको." बायकांना बसायला दुसरी जागा नव्हती. किल्ली गेली की वर्ग गेला.

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली. वर्ग सुटल्यावर मी मागे माठ धुवत होते. हात पुसत आत आले तर वेदीवरच्या पांढऱ्या क्रुसाच्या पायथ्याशी हळदीकुंकू लावलेलं, वर शेवंतीचं फूल. समोर वर्गातलीच एक हात जोडून उभी. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई त्याच आठवड्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहायला शिकली होती.

मी धावतच वेदीपाशी गेले. "काय केलं वं हे?"

"आज खंडेनवमी नाही का," ती म्हणाली. "घरी विळ्याले लावलं, तराजूले लावलं, पाटीले लावलं. जिथं शिकली ते जागा काहून सोडू?"

तिचं बरोबरच होतं, पण माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी रविवार. मी ओलं फडकं उचललं, तशी तिनं माझं मनगट धरलं.

"फूल काढा बाई, पण कुंकू पुसू नका. माहा मालक ट्रक घेऊन इंदूरकडं गेला हाय. कालपासून फोन लागून नाही राह्यला. मी लावलेलं कुंकू तुमी पुसलं तं..." तिनं मनगट सोडलं नाही.

आमच्या घरात कुंकू लावत नाहीत. असलं काही मी मानत नाही, हे चारचौघांत ठणकावून सांगते. पण तो हात मनगटावर असताना ठणकावायचं सुचलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी फडकं ठेवलं आणि फुलदाणी कुंकवापुढे सरकवली. म्हटलं, झाकली मूठ.

कसली झाकते! रविवारी पंच वाचनाला पुढे आले आणि पवित्र शास्त्र ठेवायला त्यांनी फुलदाणीच बाजूला केली. वाचता वाचता त्यांची नजर तिकडे गेली आणि ते ओळ चुकले. उपासना संपली, लोक गेले, मी मात्र बाकाला चिकटलेली.

"कोणी लावलं?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी लावलं, बाबा." ती कधीची बाहेर उभी होती कोण जाणे. तिनं सगळं सांगितलं, पाटीचं, ट्रकचं, न लागणाऱ्या फोनचं. "किल्ली घेऊ नका. मी उद्यापासून येत नाही पायजे तं."

पंचांनी खिशातून रुमाल काढला. तिनं डोळे गच्च मिटले. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग रुमालानं चष्मा पुसला आणि फुलदाणी पुन्हा होती तिथे ठेवली.

"माही माय बाप्तिस्म्याच्या दिवशी कुंकू पुसून घरी आली," ते म्हणाले. "आजी दारात बसून दिवसभर रडली. माहा बाप तिच्या समोर उभा होता, जिता. तरी रडली. राहू द्या ते. जाईल आपोआप."

किल्लीचं काय, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. म्हणून सोमवारी दुपारी ते काठी टेकत वर्गाच्या दारात दिसले तेव्हा मी मुकाट्यानं किल्ली पुढे केली. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ट्रक आला का?" त्यांनी तिला विचारलं.

"नाही, बाबा."

ते तसेच परत गेले. मंगळवारी पुन्हा तेच. तिच्या पाटीवर एक अक्षर उमटत नव्हतं, आणि माझंही शिकवण्यात लक्ष नव्हतं.

बुधवारी ते आले तर तिची जागा रिकामी. बायका खाली मान घालून बसलेल्या. पंच बाकाला धरून उभे राहिले. आमची दोघांचीही नजर फुलदाणीकडे गेली आणि दोघांनीही ती फिरवली.

वर्ग सुटायच्या बेतात ती आली. घामेजलेली, पदर खोचलेला. "आला," ती म्हणाली. "आत्ता त्याले जेवू घालून आली. मोबाईल पाण्यात पडला होता मेला."

बायका हसायला लागल्या. पंच मात्र खाली सतरंजीवरच बसले. मी पाणी घेऊन गेले, तर पेला त्यांनी बाजूला ठेवला.

"पोरी," ते मला हळूच म्हणाले, "त्या दिवशी रुमाल म्या कुंकू पुसालेच काढला होता."